ज्येष्ठांचा छळ : मदतीला धावण्याआधी निर्णय कोणाचा ते ठरवा

ज्येष्ठांच्या छळाच्या केसमध्ये सर्वात जास्त नुकसान घाईने होतं. शेजाऱ्यांचा फोन येतो, कार्यकर्ता घरी जातो, आजींच्या दंडावरचे वळ पाहून संतापतो आणि तासाभरात मुलाला पोलीस चौकीत बोलावलं जातं. तिथे त्याला दम दिला जातो, 'पुन्हा असं करणार नाही' असं लिहून घेतलं जातं आणि संध्याकाळी मुलगा आणि आई त्याच दोन खोल्यांत परततात. पुढच्या भेटीला दार उघडत नाही. आजींचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालूच राहतो, फक्त आता तो बाहेर कोणाला कळत नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी एक गोष्ट ठरवायची: हा निर्णय कोणाचा आहे? बहुतेक वेळा तो ज्येष्ठांचाच असतो, आपल्याला तो कितीही चुकीचा वाटला तरी. कधी कधी तो त्यांना घेता येत नाही, आणि तेव्हा कमीत कमी हस्तक्षेप करून त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या संस्था, रुग्णालयं आणि हेल्पलाईनसाठी काम करणाऱ्यांना समोर ठेवून दिली आहे.

पहिली भेट

ज्येष्ठांशी एकट्यानेच बोलायचं, ही अट सोडू नका. चाळीत किंवा एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही. तिथे ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, देऊळ किंवा रुग्णालयाची ओपीडी उपयोगी पडते. घरच्यांनी 'आमच्यासमोरच बोला' असा हट्ट धरला तर वाद घालू नका. रक्तदाब तपासायचा आहे किंवा योजनेचा अर्ज भरायचा आहे, असं खरोखरच करायचं असलेलं काम काढून वेळ मिळवा. खोटं कारण सांगू नका. ते उघड झालं की त्याचा त्रास ज्येष्ठांनाच होतो. भाषा वेगळी असेल तर दुभाषी घरातला नको.

भेट सकाळी दहा-अकराच्या सुमारास ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो आणि त्या वेळच्या उत्तरांवरून चुकीचे निष्कर्ष निघतात. चष्मा डोळ्यांवर आहे का, कानाच्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, हे आधी पाहा. ऐकू न आल्यामुळे गप्प बसलेल्या आजोबांची नोंद 'प्रतिसाद देत नाहीत' अशी होणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

गोपनीयतेची मर्यादा बोलणं सुरू होण्याआधीच सांगायची, सगळं ऐकून झाल्यावर नव्हे. वाक्य साधं ठेवा: "आजी, तुम्ही सांगाल ते मी तुमच्या घरात किंवा गल्लीत कोणाला सांगणार नाही. आमच्या ऑफिसात माझ्या वरिष्ठांना माहीत असेल. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं, तर मला मदत बोलवावी लागेल, आणि बोलवण्याआधी मी तुम्हाला सांगेन." 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते आपल्याला नाही. न्यायालयाने विचारलं तर सांगावं लागतं, फाईलही मागवली जाऊ शकते.

'तुमचा छळ होतो का?' या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, पोरं चांगली आहेत." दिवसाच्या क्रमाने विचारा. सकाळी चहा कधी मिळाला? काल रात्री काय जेवलात? गोळ्या कोण देतं? पेन्शनचं किंवा श्रावणबाळ योजनेचं पासबुक कोणाकडे असतं, आणि त्यातले पैसे शेवटचे कधी हातात आले? अलीकडे कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला? तो वाचून दाखवला का? घरात कोणाच्या पावलांची चाहूल लागली की भीती वाटते का? छळाचा मोठा भाग मारहाणीचा नसतो. औषध न देणं, बोलणं टाकणं, फोन काढून घेणं, पैसे अडवणं असा तो असतो आणि अशा प्रश्नांतूनच बाहेर येतो.

शरीरावरच्या खुणा वाचताना सावध राहा. उतारवयात त्वचा पातळ होते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे साध्या धक्क्यानेही निळं पडतं. अपघाताने पडलेले डाग बहुतेक हातापायांवर असतात. मान, कान, नितंब, तळपाय किंवा मांडीच्या आतल्या बाजूचे डाग जास्त काळजीचे. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती गोल वळ असेल तर बांधून ठेवल्याची शंका घ्या. डागाच्या रंगावरून 'हा तीन दिवसांपूर्वीचा' असं लिहू नका, रंगावरून वय ठरत नाही. माकडहाडावरची जखम पाहूनही लगेच दुर्लक्षाचा ठपका ठेवू नका. चांगली काळजी घेतली तरी अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण होऊ शकतात. जखम झाल्यावर डॉक्टरांना दाखवलं का, कूस किती वेळाने बदलतात, हे विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

निघताना आपलं कार्ड किंवा माहितीपत्रक घरात ठेवू नका. नंबर द्यायचा असेल तर फोन कोण तपासतं ते विचारा आणि त्यांना सोयीच्या नावाने सेव्ह करून द्या.

"नको" म्हणतात तेव्हा

आजी सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पण काही करू नका, तो माझा मुलगा आहे." इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. त्यांना निर्णय समजतो आहे का? आणि तो त्या मोकळेपणाने घेत आहेत का?

पहिल्यासाठी चार गोष्टी पाहा. दिलेली माहिती कळते का, ती स्वतःच्या परिस्थितीला लावता येते का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने, खुणेने का होईना, सांगता येतो का. प्रत्यक्षात असं विचारा: "मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. इथेच राहिलात तर काय होऊ शकतं? मुलीकडे गेलात तर? मग तुम्हाला हेच का बरं वाटतं?" 'दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली, दारू सुटली की तो असा नसतो, आणि या घरातून गेले तर ते माझं राहणार नाही' असं उत्तर आलं, तर निर्णय धोक्याचा आहे पण समजून घेतलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 4 उपचारांच्या निर्णयांपुरतं आहे, पण त्यातलं एक तत्त्व सगळीकडे लागू करण्यासारखं आहे: निर्णय इतरांना अयोग्य वाटतो एवढ्यावरून माणसाची निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही.

क्षमता प्रत्येक निर्णयापुरती वेगळी असते. कोणाकडे राहायचं हे नीट सांगणाऱ्या आजोबांना बक्षीसपत्राचा, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देऊन टाकण्याच्या दस्ताचा, परिणाम कळत नसेल, असं होतं. ती बदलतेही. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन झोपेची गोळी यांमुळे दोन दिवसांत माणूस भ्रमिष्ट वाटू लागतो आणि उपचारानंतर पूर्ववत होतो. म्हणून अचानक आलेला गोंधळ हा आधी वैद्यकीय प्रश्न समजा. त्या अवस्थेत कायमचे निर्णय घेऊ नका, घेऊ देऊ नका. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा मेंदुविकारतज्ज्ञाकडून लेखी मूल्यांकन घ्या. 'वय झालंय, विसरतात' हे मूल्यांकन नव्हे.

दुसरा प्रश्न दबावाचा आणि तो जास्त अवघड. समज शाबूत आहे, पण 'बाहेर बोललीस तर नातवाला भेटू देणार नाही' अशी धमकी असेल तर तो नकार मोकळा नाही. तो रेकॉर्डवर जसा आहे तसा लिहा आणि दबाव कमी करण्यावर काम करा: नातवाला शाळेबाहेर भेटता येईल का, मुलीला विश्वासात घेता येईल का, पेन्शन स्वतःच्या नावच्या वेगळ्या खात्यात वळवता येईल का. बहुतेकदा दोन-तीन भेटींनंतर आजी स्वतःच पुढचं पाऊल सुचवतात.

समजून आणि मोकळेपणाने नकार दिला तर तो पाळायचा, पण फाईल बंद करायची नाही. पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याशी बोलून ठरवा. जाता जाता एक साधी सुरक्षा योजना करा. आधार, पासबुक, मालमत्तेची कागदपत्रं आणि औषधांची चिठ्ठी यांच्या झेरॉक्स विश्वासू माणसाकडे; रात्री काही झालं तर कोणत्या शेजाऱ्याला काय खूण करायची; आठवडाभराच्या गोळ्या आणि थोडे पैसे हाताशी असलेली पिशवी. आपत्कालीन मदतीचा 112 आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14567 पाठ करून घ्या. 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालते, त्यामुळे रात्रीसाठी 112च.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्याखाली सक्तीचं आहे. ज्येष्ठांच्या घरगुती छळाबाबत आपल्याकडे तशी सर्वसाधारण सक्ती नाही. म्हणजे ज्येष्ठांच्या इच्छेविरुद्ध तक्रार करायची की नाही हा निर्णय आपल्या विवेकावर येतो, आणि म्हणूनच संस्थेने त्याचे निकष आधी लिहून ठेवलेले असावेत. तीन प्रसंगी इच्छा बाजूला ठेवावी लागते: जिवाला तातडीचा धोका, घरातल्या लहान मुलाला किंवा दुसऱ्या असहाय माणसाला धोका, आणि निर्णयक्षमता नसताना होणारी गंभीर इजा. तेव्हाही आधी त्यांना सांगा, जरुरीपुरतीच माहिती पुढे द्या, आणि दुसऱ्या एका अनुभवी सहकाऱ्याशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका. श्वास अडखळतोय किंवा मारहाण चालू आहे, तेव्हा मात्र आधी 112.

कायदा वापरताना

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा हा सर्वात सौम्य मार्ग आहे, कारण त्यातल्या निर्वाहाच्या अर्जात मुलगा आरोपी होत नाही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. निर्वाहभत्त्याची मूळ कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. सुनावणी चालू असतानाही अंतरिम भत्ता मागता येतो, हे अर्जात लिहायला बरेचदा राहून जातं. अपिलाला 60 दिवस. ज्येष्ठांना स्वतः अर्ज करणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. अधिकारपत्र वाचून दाखवून, त्यांच्या भाषेत समजावून, मगच सही घ्या. अधिकार देण्याइतकी समजच उरली नसेल तर न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याची विनंती करा. त्याचा अधिकार कलम 5 मध्ये आहे.

आजींना कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदाही वापरता येतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकल्यापासून सुनेविरुद्धही अर्ज होऊ शकतो. आजोबांना हा मार्ग नाही. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी यांसाठी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, अनुक्रमे 115, 127 आणि 351. फौजदारी तक्रारीनंतर घरात परत राहणं किती शक्य आहे, हे तक्रारीआधी बोलून घ्या. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्यांच्या मालमत्तेचं कायदेशीर पालकत्व आपोआप मुलाकडे जात नाही. त्यासाठी बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं. 'मी मोठा मुलगा, सह्या मीच करणार' हे ऐकून बँकेने किंवा संस्थेने मान डोलवू नये.

मालमत्ता आणि पैसा

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला वा मुलीला बक्षीस द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे बक्षीसपत्र सहज होतं, आणि एकदा नोंदवलं की ते मागे घेणं फार कठीण असतं. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीदाही बदलता येतं. कुलमुखत्यारपत्रही, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकारही, रद्द करता येतं, पण ते रद्द झाल्याचं बँकेला आणि दुय्यम निबंधकांना लेखी कळवावं लागतं. हा फरक ज्येष्ठांना सही करण्याआधी समजला तर निम्मी भांडणं टळतील.

बक्षीसपत्र झालंच असेल तर 2007 च्या कायद्याचं कलम 23 आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, हस्तांतर रद्द करून परत मागता येते. गोम 'अटीवर' या शब्दात आहे. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी (2022) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध व्हावी लागते असं सांगितलं. उर्मिला दीक्षित प्रकरणात (जानेवारी 2025) आईला सांभाळण्याचं वचन होतं. तिथे न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि बक्षीसपत्र रद्द ठरवलं. म्हणून करार करायचाच असेल तर त्यात स्पष्ट वाक्य हवं: 'देणाऱ्याचं हयातभर याच घरात राहणं, जेवण, औषधोपचार व देखभाल घेणाऱ्याने करायची आहे, ती न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करण्याचा हक्क देणाऱ्याला राहील.' मसुदा वकिलाने करावा, आणि तो वकील मुलाने आणलेला नसावा.

बँकेत जाता न येणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या सूचनेनुसार सत्तरीपुढच्यांना घरपोच मूलभूत सेवा मागता येते. एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज त्यामुळे कमी होते. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो.

आपल्यासाठी नियम कडक ठेवा. ज्येष्ठांचा पिन माहीत करून घ्यायचा नाही, कार्ड-दागिने-मूळ कागदपत्रं स्वतःकडे ठेवायची नाहीत, मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं नाही, आणि आपल्या किंवा संस्थेच्या नावे काही देऊ केलं तर नाकारून तसं लिहून ठेवायचं. एकट्या आजोबांना आपलं माणूस म्हणून तुम्हीच दिसता, म्हणून ते देऊ करतात. नेमकं त्यामुळेच ते घ्यायचं नसतं.

सून, मुलगी आणि थकलेला सांभाळकर्ता

बहुसंख्य घरांत सांभाळ सून किंवा मुलगी करते आणि मालकी मुलाकडे असते. रात्रीत चारदा डायपर बदलून पहाटे डबा करणारी बाई ओरडली, म्हणजे ती छळवादी ठरत नाही, पण आजींना झालेला त्रासही त्यामुळे खोटा होत नाही. दोन्ही लिहा. दमून केलेलं आणि मुद्दाम केलेलं यांतला फरक मदत देऊ केल्यावर कळतो: आठवड्यातून दोनदा परिचारिका, दिवसा काळजी केंद्र, दुसऱ्या भावाचा खर्चात वाटा. थकलेला माणूस मदत घेतो. ज्याला ताबा हवा असतो तो बाहेरच्याला आत येऊ देत नाही.

सुनेलाही नवऱ्याकडून मार असेल तर दोघींसाठी वेगळे कार्यकर्ते नेमा. 2007 चा कायदा सुनेला घराबाहेर काढायला हत्यार म्हणून वापरला जातो, कधी सासू-सासऱ्यांच्या नावाने मुलगाच वापरतो. एस. वनिता प्रकरणात (डिसेंबर 2020) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्याने सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क मोडता येत नाही, हा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा असे दोन्ही कायदे एकत्र पाहावे लागतात. अर्ज लिहून देण्याआधी 'हे घर रिकामं झालं तर फायदा कोणाचा?' हे स्वतःला विचारा.

समेट घडवताना दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई नको. जिच्या जेवणाची चावी समोरच्याच्या हातात आहे, ती 'आता सगळं ठीक आहे' असंच म्हणणार. आधी वेगवेगळं बोला, अटी लेखी ठेवा आणि त्या पाळल्या जातात का हे एकट्याने भेटून तपासा.

वृद्धाश्रम

छळ करणारा घरात राहतो आणि छळ सोसणारी बाहेर जाते, हे सोयीचं असलं तरी न्यायाचं नाही. घरातून मुलाला बाहेर काढण्याचा आदेश न्यायाधिकरण परिस्थितीनुसार देऊ शकतं, तो पर्याय आधी पाहा. हलवायचंच असेल तर आधी दोन तास जाऊन बघू द्या, मग काही दिवस राहून बघू द्या. खोलीत किती जण, रात्री कर्मचारी किती, खाटेला बांधतात का, झोपेच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीवर देतात, फोन स्वतःकडे ठेवता येतो का, सोडून जायचं असेल तर ठेव परत मिळते का, हे सगळं विचारा. नाहीतर आगीतून फुफाट्यात होतं. छळ आपल्याच संस्थेच्या आश्रमात दिसला तर तक्रार विश्वस्तांपुरती ठेवू नका. सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांना लेखी कळवा.

देणगीसाठी ज्येष्ठांचे फोटो काढणं ही रोजची गोष्ट झाली आहे. साडी देतानाचा, घास भरवतानाचा फोटो आजींनी 'हो' म्हटलं म्हणून काढला जातो, पण 'नाही' म्हटलं तर जेवण बंद होईल असं त्यांना वाटत असेल तर ती संमती नाही. छळाच्या केसमधला चेहरा, घर, गाव काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नये, सहकाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा.

नोंद

'मुलगा क्रूर आहे, आजी घाबरलेल्या' अशी नोंद न्यायाधिकरणात टिकत नाही. अशी लिहा: 'सकाळी 10.40. घरी एकट्या भेटल्या. उजव्या मनगटाभोवती सुमारे 2 सेंमी रुंद लालसर वळ. विचारल्यावर म्हणाल्या, "परवा ओढणीनं बांधलं, दार वाजवू नये म्हणून." पोलिसांकडे जायला नकार. परिणाम समजावले, त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगितले. मुलीला फोन करण्यास होकार. पुढची भेट गुरुवारी, विरंगुळा केंद्रात.' पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपलं मत वेगवेगळ्या ओळींत. इच्छेविरुद्ध काही केलं असेल तर कोणता धोका दिसला, कोणते सौम्य पर्याय आधी पाहिले, कोणाशी सल्लामसलत केली, तेही त्याच दिवशी लिहा. फाईल कुलपात, मोबाईलमधल्या गॅलरीत नव्हे.

केस बंद करायची ती ज्येष्ठांना सांगून, घरच्यांना सांगून नव्हे. पैसे त्यांच्या हातात येतात का, औषधं वेळेवर मिळतात का, बाहेर जाता येतं का, हे तीन प्रश्न लागोपाठच्या दोन भेटींत एकट्याने विचारून मगच बंद करा. तुमची बदली होणार असेल तर नव्या कार्यकर्त्याला एकदा तरी सोबत घेऊन जा.